मदत हवी आहे: हॅरी पॉटर संपलं आणि घरात सुतक आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या लेकीने (वय १२) परवा रात्री सातवा भाग संपवला. ज्यांचा वाचायचा राहिलाय त्यांनी इथेच थांबा.

हॅरीचा छोटा दोस्त डॉबी गेला तेव्हा ती रडली, तेवढं अपेक्षित होतं. पण फ्रेड-जॉर्ज या जुळ्या भावांपैकी फ्रेडचं जाणं तिला पचतच नाहीये. काल जेवताना म्हणाली, "आई, जॉर्ज आता आरशात कसा बघणार गं?" माझाच घास अडकला.

शेवटच्या '१९ वर्षांनंतर'च्या प्रकरणावर तर भयंकर राग. इतकी माणसं गेली आणि हे हॅरी वगैरे हसत हसत पोरांना शाळेच्या आगगाडीत बसवतायत? २००७ मध्ये हे पुस्तक आलं तेव्हा मी कॉलेजात होते, मला तेच प्रकरण फार आवडलं होतं. आता तिचं ऐकून वाटतं, जरा घाईच झाली लेखिकेची.

तुमच्या मुलांचं असं झालं तेव्हा काय केलंत? बोलत राहावं, की एकटं सोडावं? आज तिने पुन्हा पहिला भाग काढलाय. वाचू द्यावा ना? की दुसरी एखादी मालिका हातात द्यावी? (जुळी भावंडं नसलेली सुचवा, प्लीज!)