सत्तर टक्क्यांचं गणित

'ई-बुकवर लेखकाला ७० टक्के रॉयल्टी (विक्रीतला वाटा) मिळते, मग छापायचं कशाला?' असं कुणीतरी विचारलंय. हे ७० टक्के सरसकट मिळत नाहीत. ॲमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीसाठी ते हवे असतील तर ई-आवृत्ती फक्त त्यांच्याकडेच ठेवावी लागते, नाहीतर ३५. शिवाय ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरी खर्चही, म्हणजे ती वाचकाला पाठवण्याचा खर्चही, कापतात. चित्रमय बालपुस्तकांना तो चांगलाच झोंबतो.

छापील पुस्तकावर लेखकाचे १० टक्के धरले तर ३०० रुपयांमागे ३० रुपये. पण करारात ते छापील किमतीवर आहेत की प्रकाशकाला मिळालेल्या रकमेवर, हे आधी बघा. मिळालेल्या रकमेवर असतील आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर तेच ३० चे १८ होतात! आणि हिशेब वेळेवर येईल का, हा प्रश्न वेगळाच.