ऑटिझममध्ये पुढचं शिक्षण: इथलं करू की परदेशी, घरबसल्या?

मृणाल, डोंबिवली
नमस्कार मंडळी. मी स्पीच थेरपिस्ट, ठाण्यातल्या एका सेंटरला. येणारी बरीचशी मुलं ऑटिझमची, आणि बीएएसएलपीला (वाचा-श्रवणाच्या पदवीला) आम्हाला ऑटिझम शिकवला तो परीक्षेपुरता. आता पदव्युत्तर काहीतरी करायचंय. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे ऑटिझमचे दूरशिक्षणाचे कोर्स पाहिले, फी ऐकून घरात कुणी बोलेना. की बीसीबीए, म्हणजे वर्तन-विश्लेषकाचं अमेरिकन सर्टिफिकेट, करू? स्पेशल एज्युकेशनचं एम.एड.? नोकरी सोडता येणार नाही, हप्ते चालू आहेत.

ठाणेकर ओटी
बीसीबीए विसरा. त्या अमेरिकन बोर्डाने जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलंय.

शुभाताई, गोरेगाव
मृणाल, एम.एड.ला आधी स्पेशलचं बी.एड. लागतं, म्हणजे चार वर्षं त्यातच गेली. तुझ्या लाइनीतलं म्हणशील तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत एमएएसएलपी, म्हणजे तुझ्या पदवीचं मास्टर्स, आहे, पण नोकरी सांभाळून ते जमायचं नाही.

मी ब्रिटनमधलाच एक दूरशिक्षणाचा केला. डायनिंग टेबलच्या एका टोकाला लेकीची बारावी, दुसऱ्या टोकाला माझ्या असाइनमेंट्स. वाचनात डॅमियन मिल्टन यांचा २०१२ चा लेख होता. ते स्वतः ऑटिस्टिक. म्हणणं असं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं; आपण सगळी दुरुस्ती त्या मुलाच्याच माथी मारतो.

तेव्हा माझ्याकडे एक एकोणीस वर्षांचा मुलगा यायचा. बोलणं मोजकं, 'पुढील स्टेशन' सुरू झालं की कान दाबायचा. आईची इच्छा, त्याने एकट्याने अंधेरीला जावं. मी त्याच्याबरोबर दिव्यांगांच्या डब्यात चढले, तर एक काका लगेच, "हा तर धडधाकट दिसतोय, उतरा." २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे, हे गर्दीत त्यांना कोण सांगणार! मग 'एक्स्क्यूज मी'ची घोकंपट्टी बाजूला ठेवली. कानावर हेडफोन, गळ्यात पाऊच, पाऊचमध्ये यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. कुणी हटकलं की बोलायचं नाही, पाऊच पुढे करायचा. हे सगळं केस स्टडी म्हणून पाठवलं. ट्यूटरचा शेरा एका ओळीचा: अंधेरीला जायचंय कुणाला, त्याला की आईला? स्टेशनांचे फोटो मांडून त्याला विचारलं. त्याने बोट ठेवलं चर्चगेटवर. गाडी संपते तिथपर्यंत जायचं होतं त्याला.

माझी फी त्या शेऱ्यात वसूल झाली. म्हणून पैसे भरण्याआधी विचार, तुझं प्रत्यक्ष काम कुणी बघणार का, की नुसते व्हिडिओ आणि शेवटी एमसीक्यू? आणि अठरा वर्षांपुढच्यांचं काय शिकवतात? मी चाळलेले बरेच अभ्यासक्रम मूल शाळेतून बाहेर पडलं की गप्प होतात.

मृणाल, डोंबिवली
ताई, खूप आभार. तुम्ही चर्चगेटला नेलंत का त्याला? आणि परदेशी पदवी सीआरआरला, म्हणजे आपल्या व्यवसायाच्या केंद्रीय नोंदवहीत, धरतात का?

शुभाताई, गोरेगाव
नेलं की. उतरायलाच तयार नव्हता.

धरतील असं समजून चालू नकोस. आरसीआयला (ती नोंदवही ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेला) मेल टाक, लेखी उत्तर घे, मग फी. प्रॅक्टिस तुझ्या बीएएसएलपीच्या नोंदणी नंबरावरच चालते, रिन्यूअलला लागणारे सीआरई (चालू प्रशिक्षणाचे) पॉइंट तेवढे सांभाळ. नंबराशिवाय सेंटर थाटणाऱ्यांना १९९२ च्या कायद्यात दंड आहे, हजार रुपयांपर्यंत. (वर्षापर्यंत कैदही आहे म्हणा.)

आणि अख्खं मास्टर्स कशाला? तिकडे ते १८० क्रेडिटचं असतं, पदव्युत्तर सर्टिफिकेट ६० चं. मी साठावर थांबले.