हंगाम वाया गेल्यावर प्रशिक्षक उत्तरं देतो, मालक का नाही?

पाठीराखा

फुटबॉल संघ हरत सुटला की दर तीन-चार दिवसांनी माइकसमोर कोण बसतं? प्रशिक्षक. जे निर्णय त्याचे नाहीत त्यांचीही उत्तरं त्यालाच द्यावी लागतात. २०१८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या टॉटनहॅम क्लबने एकही खेळाडू विकत घेतला नाही, पुढच्या जानेवारीतही नाही. का घेतला नाही, हे मात्र महिनोन्‌महिने प्रशिक्षक पोचेत्तिनोला विचारलं जात होतं. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे कधीच नव्हती.

त्याच क्लबात १८ मार्च २०२३ ला काय झालं ते आठवा. साउदॅम्प्टनविरुद्ध ३-१ अशी आघाडी, आणि भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर सामना ३-३. तेव्हाचा प्रशिक्षक अंतोनियो कोंते पत्रकारांसमोर आला आणि त्याचा बांध फुटला. आधी खेळाडूंना स्वार्थी म्हणाला. मग म्हणाला, वीस वर्षं इथे मालक तेच आहेत आणि हाती काही लागलेलं नाही, हे का? २००८ चा लीग कप सोडला तर त्याचं बोलणं खरं होतं. पुढच्या आठ दिवसांत कोंते क्लबबाहेर होता. प्रश्न तिथेच राहिला. अध्यक्ष डॅनियल लेव्ही २००१ पासून त्या खुर्चीत होते, त्यांना हा प्रश्न समोरासमोर विचारायची सोयच नव्हती.

माझं म्हणणं असं की मोठा अपेक्षाभंग झाला की मालकाने स्वतः समोर यावं आणि अवघड प्रश्न घ्यावेत. तो किती हळवा झाला, आवाज किती कापला, हे मी बघत नाही. स्वतःचा एखादा निर्णय नाव घेऊन चुकला म्हणाला का, आणि आता काय करणार नि कधीपर्यंत, हे सांगितलं का, एवढंच बघतो.

मँचेस्टर युनायटेडचंच घ्या. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब कर्ज काढून घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. त्यानंतर जोएल ग्लेझर चाहत्यांच्या प्रतिनिधींशी पहिल्यांदा बोलले ते जून २०२१ मध्ये. तेही कधी? मोजक्या बड्या क्लबांनी वेगळी स्पर्धा काढायचा सुपर लीगचा डाव उधळल्यावर, आणि २ मे रोजी चाहते थेट ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानात घुसून लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागल्यावर. सोळा वर्षं मूग गिळून बसायचं आणि आग लागल्यावर बोलायचं, याला मी उत्तर देणं म्हणत नाही.

याउलट युनायटेडचे सहमालक जिम रॅटक्लिफ. मार्च २०२५ मध्ये संघ गाळात असताना ते मुलाखतींना बसले. प्रशिक्षक टेन हागला २०२४ च्या उन्हाळ्यात मुदतवाढ देऊन ऑक्टोबरमध्ये काढलं, क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ पाच महिन्यांत गेला, हे दोन्ही निर्णय चुकले असं त्यांनी स्वच्छ मान्य केलं. त्यांची नोकरकपात मला अजिबात पटलेली नाही. तरी या एका बाबतीत ते ग्लेझरांच्या कितीतरी पुढे आहेत. तुम्हाला काय वाटतं?

ताळेबंद

पाठीराखा, तुम्ही त्या मुलाखतीची एकच बाजू दाखवलीत. त्याच मुलाखतीत रॅटक्लिफनी अँटनी, कासेमिरो, ओनाना, हॉयलुंड आणि सांचो या पाच जणांची नावं घेतली, की हे सगळे आधीच्यांनी घेतलेले, त्यांचे हप्ते आम्ही अजून भरतोय. काही खेळाडू तेवढे चांगले नाहीत आणि काहींना जास्त पगार मिळतो, असंही म्हणाले. त्या पाचांतले तिघे त्या वेळी युनायटेडकडूनच खेळत होते! असं ऐकायला कोणत्याच खेळाडूला आवडत नाही, हे कर्णधार ब्रुनो फर्नांडिसला जाहीरपणे म्हणावं लागलं. संघ लीगमध्ये पंधरावा आला आणि युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून हरला. मुलाखतीमुळे हरला असं मी म्हणत नाही. पण त्या मुलाखतीने कुणाचं भलं झालं?

बोलक्या मालकाचं आणखी एक उदाहरण. एप्रिल २०२३, चेल्सीचा रियाल माद्रिदशी सामना. चेल्सीचे सहमालक टॉड बोहली आधीच सांगून बसले, ३-० ने जिंकू. २-० ने हरले, आणि लीगमध्ये बारावे आले.

आता गप्प राहणारे बघा. अब्रामोविच १९ वर्षं चेल्सीचे मालक होते, मुलाखत म्हणून देत नसत. पाच लीग विजेतेपदं, दोनदा चॅम्पियन्स लीग. ब्रेंटफर्डचे मॅथ्यू बेनहॅम क्वचितच कुठे बोलताना दिसतात. त्यांनी २०१२ मध्ये क्लब घेतला तेव्हा तो तिसऱ्या पातळीवर होता, २०२१ मध्ये सर्वोच्च पातळीवर, प्रीमियर लीगमध्ये आला. मालकाचं काम चांगली माणसं नेमणं आणि पैसे वेळेवर देणं. त्याचा हिशोब दर वर्षी छापून येतो. मी तो वाचतो आणि त्यावरून मालकाची पारख करतो.

डावी बगल

मालकाने बोलावं की नाही यावर आपण इथे वाद घालतोय, पण मालक बोलतो कधी, तर त्याला बोलायला लावल्यावर.

६ फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड. नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड ठरलं होतं. लिव्हरपूल सुंदरलँडविरुद्ध २-० ने पुढे. ७७ वं मिनिट लागलं आणि हजारो लोक उठून चालू लागले. ज्यांनी आयुष्यात कधी शेवटच्या शिटीआधी जागा सोडली नव्हती, असे लोक जिन्यांवरून खाली उतरत होते. संघ जिंकत असताना! रागाच्या भरात उठून जाणं वेगळं आणि आघाडीवर असताना ठरवून जाणं वेगळं. पुढच्या बारा-तेरा मिनिटांत सुंदरलँडने दोन गोल केले, सामना २-२.

चार दिवसांनी मालकांचं पत्र आलं. माफी मागितली, ७७ पौंडांचा बेत रद्द केला, सगळ्यात महाग तिकीट ५९ पौंडांवर दोन हंगाम गोठवलं. पाठीराखा म्हणतात तसं निर्णय, आकडा, मुदत, सगळं त्यात होतं. मुलाखत नव्हती, कॅमेरा नव्हता. म्हणून मला वाटतं, समोर येण्याचा एवढा आग्रह नको, उत्तराचा धरा.

जुना गोलरक्षक

डावी बगल, त्याच क्लबची पुढची गोष्ट पण सांगा की. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत कर्मचाऱ्यांना सरकारी मदतीवर ढकललं, ओरड झाल्यावर दोन दिवसांत माघार आणि माफी. एप्रिल २०२१ मध्ये सुपर लीग, पुन्हा दोन दिवसांत माघार, आणि या वेळी मालक जॉन हेन्रींचा व्हिडिओ की सगळी जबाबदारी माझी. पाच वर्षांत तीनदा आधी चाहत्यांना न विचारता करायचं आणि मग माफी मागायची. माफी छान होती, मान्य. पण तिसऱ्यांदा ऐकताना मला तरी त्यात वेळ मारून नेण्यापलीकडे काही दिसलं नाही.

शब्दाला किंमत किती असते, ते न्यूकॅसलवाल्यांना विचारा. २४ मे २०१५, हंगामाचा शेवटचा दिवस, संघ खालच्या पातळीवर पडतो की वाचतो अशी अवस्था. एरवी तोंड न उघडणारे मालक माइक अ‍ॅशली टीव्हीवर आले आणि म्हणाले, काहीतरी जिंकल्याशिवाय क्लब कुठल्याही किमतीला विकणार नाही. त्या दिवशी संघ वाचला. वर्षभरात खाली गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅशलींनी क्लब विकला, तोवर दुसऱ्या पातळीच्या विजेतेपदापलीकडे जिंकलेलं काही नव्हतं. लीग कप आला तो मार्च २०२५ मध्ये, दुसऱ्या मालकांच्या काळात. अवघड प्रश्नाला थेट उत्तर देऊन चाहत्यांच्या पदरात पडलं काय?

पाठीराखा

तुम्हाला ते सगळं आठवतंय, तारखेसकट आठवतंय, हे पडलं पदरात. अ‍ॅशली बोललेच नसते तर आज त्यांना धरायचं कशावर? "क्लबच्या हिताचे योग्य निर्णय योग्य वेळी घेऊ" असं गुळमुळीत निवेदन कोणी दहा वर्षांनी उकरून काढत नाही. दिलेला शब्द पाळला नाही हे दाखवायला आधी शब्द दिलेला असावा लागतो.

ताळेबंद, खेळाडूंबद्दल तुम्ही म्हणालात ते मला मान्य आहे. मालकाने स्वतःचे निर्णय उघडे करावेत, खेळाडूंची नावं घेऊन खापर फोडू नये. रॅटक्लिफ तिथे घसरले. पण अब्रामोविच यांचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. करंडक येत होते तोवर कोणी काही विचारलं नाही. त्यांचं सुमारे दीड अब्ज पौंडांचं कर्ज क्लबच्या मूळ कंपनीच्या वह्यांमध्ये होतं, म्हणजे क्लब एका माणसाच्या मर्जीवर उभा होता. १० मार्च २०२२ ला ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादले आणि चेल्सीला नवी तिकिटं विकता येईनात, दुकान बंद, खेळाडूंचे करार बंद. तुम्ही उद्या नसलात तर या क्लबचं काय, हा प्रश्न १९ वर्षांत एकदा तरी त्यांना विचारायला हवा होता.

ताळेबंद

आणि ते काय म्हणाले असते? काळजी करू नका, म्हणाले असते. ते दीड अब्ज दर वर्षीच्या हिशोबात सगळ्यांना दिसत होते. कोणी वाचलं नाही, ही अडचण आहे.

सभासद

मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात मत नसेल तर मालकाने उत्तर दिलं काय अन् नाही दिलं काय, तो उद्या सकाळी मालकच असतो.

जर्मनीत ५०+१ चा नियम आहे, बहुसंख्य मतं सभासदांच्या संस्थेकडे राहतात. नोव्हेंबर २०२१ मधली बायर्न म्युनिकची वार्षिक सभा बघा. सभासदांना कतार एअरवेजच्या जाहिरात करारावर चर्चा हवी होती, व्यासपीठाने ती होऊ दिली नाही. सभा आवरती घेतल्यावर सभागृहात हुर्यो आणि शिट्ट्या. क्लबचा माजी अध्यक्ष उली होएनेससारखा माणूस म्हणाला की बायर्नमध्ये इतका वाईट प्रसंग मी पाहिला नाही. ही सभा काही अपेक्षाभंगानंतरची नव्हती, लीग तर ते सलग जिंकत होते. तरी पदाधिकाऱ्यांना तिथे बसून ते सगळं ऐकावंच लागलं. करार २०२३ मध्ये संपला, वाढवला नाही. सभेमुळेच, असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण त्या सभेनंतर तो विषय झाकून ठेवणं कोणालाच शक्य नव्हतं.

बार्सेलोनाचं तर ठसठशीत आहे. १४ ऑगस्ट २०२० ला बायर्नकडून ८-२. दहा-अकरा दिवसांत मेस्सीचं क्लब सोडायचं पत्र. सभासदांनी अविश्वासासाठी २० हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या, आणि मतदान होण्याआधीच २७ ऑक्टोबरला अध्यक्ष बार्तोमेऊंनी राजीनामा दिला. ग्लेझरांविरुद्ध २० हजार सह्या केल्या तर त्या कोणाला द्यायच्या?

ताळेबंद

त्याच सभासदांच्या क्लबने ऑगस्ट २०२१ मध्ये १.३५ अब्ज युरो देणं असल्याचं जाहीर केलं आणि मेस्सीला ठेवता आलं नाही. मत हातात असून सभासद काय करत होते? दर निवडणुकीत मोठ्या खेळाडूचं नाव पुढे करणाऱ्याला निवडून देत होते.

डावी बगल

जुना गोलरक्षक, तीन माफ्यांबद्दल तुमचा राग समजतो. पण तिसरीनंतर एक गोष्ट बदलली. चाहत्यांच्या संघटनांनी नुसत्या व्हिडिओवर समाधान मानलं नाही, बोलणी चालू ठेवली, आणि लिव्हरपूलमध्ये सपोर्टर्स बोर्ड आलं. सुपर लीगसारख्या गोष्टीला आता त्या बोर्डाची संमती लागेल, असं क्लबच्या घटनेत लिहून घेतलं. इथे मी सभासद यांच्या बाजूने आहे. मिळेल ते कागदावर उतरवून घ्यायचं.

जुना गोलरक्षक

हे ठीक झालं. पण ते हेन्रींनी दिलं नाही, चाहत्यांनी काढून घेतलं. श्रेय नीट द्या.

पाठीराखा

मत नसेल तर प्रश्न विचारूच नये, हे मला पटत नाही. इंग्लंडमधल्या बरी या गावचा फुटबॉल क्लब, स्थापना १८८५. स्टीव्ह डेल यांनी डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडात घेतला. क्लब बुडत असताना रेडिओवर ते म्हणाले की बरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेही मला माहीत नव्हतं. २७ ऑगस्ट २०१९ ला बरीची लीगमधून हकालपट्टी झाली. हा प्रश्न विकत घेतानाच, सगळ्यांसमोर, त्यांना कोणी विचारला असता तर? क्लब वाचलाच असता असं नाही. निदान त्या गावाला आपला क्लब कोणाच्या हाती चाललाय, ते आठ महिने आधी कळलं असतं.

इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल कायद्याने स्वतंत्र नियामक आलाय, आणि चाहत्यांशी सल्लामसलत ही परवान्याची अट झालीय. तिथे माणूस कोण पाठवतात, हे मी बघणार. संपर्क अधिकाऱ्याला पाठवून तोंडाला पानं पुसू नयेत. २०२४ च्या अखेरीस युनायटेडने हंगामाच्या मध्येच उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांना केली, लहान मुलांना नि वृद्धांनाही सवलत नाही. तो निर्णय कोणी घेतला, त्यातून किती पैसे आले, आणि ते कुठे गेले? हे तीन प्रश्न ज्याने सही केली त्यालाच विचारायचे.

ताळेबंद

हे तीन प्रश्न मीही विचारीन. उत्तर लेखी घ्या, आणि पुढच्या वर्षीच्या हिशोबाशी ताडून बघा.