सी ड्राइव्हचं नाव आत कुठे असतं?

वर विचारलंय की 'सी:' हे नाव विंडोज ठेवतं कुठे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स टूल्समधलं विनऑब्ज उघडून बघा, विंडोजच्या आतल्या नावांची यादी ते दाखवतं. फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. फक्त अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर बरंच काही दिसणारच नाही.

डावीकडे 'ग्लोबल??' नावाचं फोल्डर आहे (हो, दोन प्रश्नचिन्हांसकट). त्यात 'सी:' ही नुसती सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या नावाकडे नेणारं नाव) आहे, ती '\डिव्हाइस\हार्डडिस्कव्हॉल्यूम3' अशा कशाकडे तरी बोट दाखवते. आकडा तुमच्याकडे वेगळा असेल. 'नल' (टाकलेलं सगळं गिळून टाकणारं नकली डिव्हाइस) सुद्धा तिथेच, '\डिव्हाइस\नल'कडे जाणारी.

मला खरा उपयोग झाला तो 'बेसनेम्डऑब्जेक्ट्स'चा, म्हणजे प्रोग्रॅम्सनी नाव देऊन बनवलेल्या गोष्टी जिथे दिसतात त्या फोल्डरचा. ऑफिसातलं एक हिशेबाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या युजरने लॉगिन केलं की 'आधीच चालू आहे' म्हणून अडून बसायचं. बघतो तर त्याचं म्युटेक्स (प्रोग्रॅम आधीच चालू आहे का हे ओळखायची खूण) एकेका लॉगिनसाठी वेगळ्या असणाऱ्या 'सेशन्स\1'सारख्या फोल्डरखाली नाही, थेट मुळाशी असलेल्या 'बेसनेम्डऑब्जेक्ट्स'मध्ये, म्हणजे सगळ्या युजरना मिळून एकच! पहिल्याने प्रोग्रॅम बंद केल्याशिवाय दुसऱ्याला वाट मिळणार कशी?

म्युटेक्स कोणत्या प्रोसेसने धरलंय ते शोधायला मात्र सिसइंटर्नल्सचाच प्रोसेस एक्सप्लोरर बरा, 'फाइंड' मेनूतून हँडल शोधायचा पर्याय निवडून नाव टाका.