मे महिन्यात श्रीलंका, सोबत आई आणि दोन लेकरं. जमंल का?

परभणीकर
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, मी, बायको, आई (६८ वर्षांची, गुडघे दुखतात), पोरगी नववीत, पोरगा पाचवीत. लेकरांनी समुद्र बघितलाय तो एकदाच, गणपतीपुळ्याला, तेही भर दुपारी अर्धा तास कारण गाडीवाल्याला घाई. म्हणून यंदा डोंगर आणि समुद्र दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बघायचं ठरवलंय आणि पासपोर्टवर एक शिक्का पण पडंल म्हणून श्रीलंका धरलीय. नवराबायको दोघंही शाळेत त्यामुळं सुट्टी मेमध्येच. एका टूरवाल्यानं कार्यक्रम पाठवलाय, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, मिरिस्सा, गॉल, कोलंबो, सात रात्री आणि सहा हॉटेलं. बायको म्हणायली रोज बॅगा भरण्यातच सुट्टी जाईल. शिवाय कुणी म्हणायलंय मेमध्ये तिकडं पाऊस. आम्ही पूर्ण शाकाहारी. काय करावं?

गोदाकाठ
सर, मी नांदेडचा, दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा असाच कार्यक्रम घेऊन गेलो होतो आणि मिरिस्साला दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून लाटा बघत बसलो, तेही मेच्या शेवटीच. तवा सोबतच्या टूरवाल्यानं काही सांगितलं नव्हतं, उलट वाटेत मसाल्याची बाग आणि खड्यांची दुकानं फिरवली.

तर आधी हे समजून घ्या, देश केवढा तर जवळपास आपल्या मराठवाड्याएवढाच, ६५ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, पण पाऊस दोन. मधे डोंगर आडवे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारं येतं ते गॉल, मिरिस्सा, बेंटोटा ह्या बाजूला आदळतं, ओलावा डोंगरावरच रिकामा होतो आणि पलीकडं पूर्व किनारा कोरडा राहतो. आपल्याकडं सह्याद्रीच्या अलीकडं जे होतं तेच, फक्त आपल्याला त्याचा त्रास होतो आणि इथं फायदा. डिसेंबरनंतर उलटं, तवा दक्षिणेला जायचं आणि पूर्वेला पाऊस. त्यामुळं मेमध्ये समुद्र म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली, दुसरं डोक्यातच आणू नका. पाणी शांत, लेकरं कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभी राहतील. ऊन आहे, पण परभणीच्या ४३ मधून निघालेल्या माणसाला ते काहीच नाही.

मिरिस्सा, गॉल आणि एला तिन्ही काढून टाका. नकाशावर शंभर किलोमीटर दिसलं की आपण दीड तास धरतो, तिथं डोंगरात तीन-चार तास लागतात. मी असं करीन: सिगिरिया १ रात्र, त्रिंको ३, कँडी १, नुवारा एलिया २. शेवटच्या दिवशी नुवारा एलियाहून थेट विमानतळ, पाच-सहा तास धरा आणि विमान रात्रीचंच घ्या. चार हॉटेलं, एक ड्रायव्हरसकट व्हॅन. मुंबईला जायची गरज नाही, देवगिरीनं सिकंदराबाद गाठा आणि हैदराबादहून उडा, थेट विमान कोणत्या वारी आहे तेवढं बघा.

अंबाजोगाईची लेक
दादा, जेवणाचं मी सांगते कारण मी तिथं फसलेय. भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुराची डाळ, आणि तीन-चार भाज्या, हे कुठंही मिळतं आणि छान असतं. पण बाजूला लालभडक नारळाची चटणी येते, पोल संबोल, ती बघून आपल्याला वाटतं वा, आपल्याकडच्या सुक्या खोबऱ्याच्या चटणीची बहीण, आणि आपण भातावर हाणतो. तिच्यात पुष्कळदा उंबलकड असतं, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा. मला तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी लाकडासारखं आलं तवा कळलं, आणि वाढणारा बिचारा हसून म्हणायला "नो फिश, नो फिश", त्याच्या हिशेबी तो मसाला. म्हणून नुसतं "व्हेज" म्हणू नका, उंबलकड नको असं नाव घेऊन सांगा. त्रिंकोत तमिळ वस्ती आहे, "सैवम" म्हणजे शाकाहारी, तसं लिहिलेली हॉटेलं शोधा, इडली-डोसा आणि बिनघोर पोट भरंल. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्याच, प्रवासाच्या दिवशी उपयोगी पडतात.

आईंसाठी: सिगिरिया म्हणजे उंच खडकावरचा जुना किल्ला, १२०० च्या आसपास पायऱ्या, मधे लोखंडी जिने. नाही जमायचं. त्यांना खालच्या बागेत बसवा, एकानं सोबत थांबा. लेकरांना घेऊन सकाळी लवकर चढा, अर्ध्यावर पाचव्या शतकातली चित्रं आहेत, अजिंठा बघितलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटतात. फोटो काढू देत नाहीत. तिकीट डॉलरमधे आणि भारी, पण सार्क देशांच्या पासपोर्टला कमी पडतं, खिडकीवर पासपोर्ट दाखवा.

आणि कँडी ते नुवारा एलिया व्हॅननं जाऊ नका, रेल्वेनं जा, स्टेशनचं नाव नानू ओया, चारेक तास. सामान व्हॅनमधे टाका, ड्रायव्हर वर येऊन भेटतो. एसी डब्याच्या खिडक्या बंद असतात, सेकंड क्लास रिझर्व्ह घ्या, चहाच्या मळ्याचा वास आत येतो. बुकिंग महिनाभर आधी उघडतं आणि लगेच संपतं. लई पाऊस झाला की दरडी पडून ती लाइन बंद होते, निघायच्या आधी चालू आहे का विचारा.

औसेकर
सगळं बरोबर पण कँडी कशाला? बुद्धांच्या दंतधातूचं मंदिर सोडलं तर गर्दी आणि हॉर्न. त्यापेक्षा अनुराधापूर करा. गयेच्या बोधिवृक्षाची फांदी सम्राट अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं तिथं नेली होती, ते झाड अजून आहे. आमच्या घरी त्या झाडाचं पान फ्रेममधे आहे, वडिलांनी आणलेलं, गळून पडलेलं उचललं होतं, तोडलेलं नाही. १९५० ला बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते तवापासून आमच्याकडं त्या देशाचं नाव निघतंय.

मेमधे जाताय तर वेसाक सापडतो का बघा, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. घरोघरी कागदाचे कंदील आणि रस्त्यावर दानसल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण, कुणी आईसक्रीम पण वाटतं. गाडी थांबवून बोलावतात, नाही म्हणता येत नाही. हॉटेलं मात्र त्या आठवड्यात आधी बुक करा.

गोदाकाठ
औसेकर, अनुराधापूर बघण्यासारखं आहेच पण ह्यांच्या आठ दिवसांत ते घातलं की त्रिंकोचा एक दिवस जातो, आणि दुपारी त्या आवारात अनवाणी, फरशी तापलेली, आईंचे पाय भाजतील. कँडी मी फक्त रेल्वेसाठी ठेवलंय.

सर, व्हिसाचं राहिलं. ईटीए म्हणजे प्रवासाची परवानगी, ती ऑनलाइन काढायची, सरकारी साइटवरूनच. तशाच दिसणाऱ्या साइटी आहेत, जास्तीचे पैसे घेतात. फीचे नियम बदलत असतात, त्याच दिवशी बघा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक पाहिजे.

परभणीकर
सगळ्यांचे आभार. टूरवाल्याला फोन केला, त्रिंको म्हणालो तर "तिकडं कुणी जात नाही सर" म्हणायला. बरंच झालं म्हणलं. आईला नुवारा एलियाजवळच्या सीताअम्मनच्या देवळाचं सांगितलं, अशोकवन तिथंच होतं म्हणतात, तर तिनं गुडघ्याचा विषयच बंद केला आणि धपाट्याला मेथी घालायची का साधे करायचे एवढंच विचारायली. एक शेवटचं, त्रिंकोत राहायचं कुठं, निलावेली का उप्पुवेली?

अंबाजोगाईची लेक
उप्पुवेली. गाव जवळ, सैवम हॉटेलं जवळ, कोनेश्वराचं देऊळ रिक्षानं. देवळाच्या वाटेवर जुना किल्ला लागतो, तिथं हरणं मोकळी फिरतात, लेकराच्या हातातलं केळ ओढून नेतात. कबुतर बेटाला मासे बघायला जाल तवाच निलावेलीला जा, नाव तिथून सुटते. मेथी घाला.