टाके ओळखू येतात : गोधडी, वाकळ, दुपटं आणि घरातली सुई

माळ्यावरची_पेटी

घटस्थापनेआधीची आवराआवर काढली आणि माळ्यावरून आजीची गोधडी खाली आली. एका कोपऱ्यात उसवली होती. लाँड्रीत नेली तर त्यांनी हातच लावला नाही, पाण्यात टिकणार नाही म्हणाले. परत आणली, जमिनीवर पसरली आणि उसवलेल्या जागेतून सहज आत बघितलं.

सगळ्यात वर आईचं छापील पातळ, दादाच्या मुंजीत नेसलेलं. त्याखाली आजीचं हिरवं इरकली लुगडं, लाल काठाचं. त्याखाली आजोबांचं धोतर, पार विरलेलं. आणि त्याच्याही खाली खाकी कापड. बाबांची शाळेची चड्डी! खिसा तसाच, वरून टीप घालून बंद केलेला. म्हणजे ही एकच गोधडी, फाटली की वरून नवीन कापड घालून पुन्हा भरलेली.

मग टाकेच बघत बसले. वरचे लांब लांब, घाईचे, ते आईचे. तिची नोकरी, त्यामुळे रविवारीच बसायची. खालच्या थरावर तिळाएवढे, एका रेषेत चाललेले, ते आजीचे. आणि एका ठिगळाभोवती पाच-सहा टाके वाट चुकलेल्या मुंग्यांसारखे. ते माझे. मी तिसरीत असेन. दोऱ्याला गाठ मारली तेव्हा आजी म्हणाली होती, "गाठ आत ने गं. पांघरणाऱ्याला टोचेल." माझे टाके तिने उसवले नाहीत हे मला काल कळलं.

आजी कागदावर अंगठा उठवायची. तिच्या हातचं लिहिलेलं एक अक्षर घरात नाही. पण तो टाका मी हजारात ओळखेन.

तुमच्या घरातलं लिहा ना. गोधडी, दुपटं, कुंची, रुखवत, काहीही चालेल.

कुकरची_शिट्टी

वाचून डोळे भरले. मला खूप लिहायचंय आत्याबद्दल. रात्री येते, डबे भरतेय.

पाटावरवंटा

आमच्याकडे गोधडी घालायची म्हणजे पूर्ण सोपा (ओसरी) रिकामा करायचे. आधी सारवायचं, वाळलं की लुगडं अंथरायचं आणि चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दोन पितळी डबे. कापड ताणून बसलं नाही तर पोटात घड्या पडतात आणि जन्मभर टोचतात. मग आतले थर, जुनी धोतरं, सदरे, शिवणी उसवून सपाट केलेले. बटणं आधी काढून बरणीत. वर दुसरं लुगडं, कडा दुमडून लांब टाके, आणि मग चार बाजूंना चौघी बसायच्या: आजी, थोरल्या काकू, आई आणि शेजारच्या मावशी. कडेपासून फेरे घालत घालत मध्यापर्यंत.

शेवटचा मधला चौकोन राहिला की आजी त्यात चिमूटभर तांदूळ सोडायची आणि मग बंद करायची. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणायची. दुसऱ्या कुणाकडे होतं का असं?

दोन_फुल्या

@पाटावरवंटा हो! आमच्याकडे भाकरीचा तुकडा. आई म्हणायची, "पोट भरलंय तिचं, आता ऊब देईल." उंदीर लागतील म्हणून नंतर नंतर नुसतं हळदकुंकू लावायला लागल्या.

रानवारा

आमच्या बीडकडं वाकळ म्हणतेत. दोन असत्यात, अंथरायची येगळी अन् पांघरायची येगळी. अंथरायचीत तरट बी चालतं आत, पांघरायचीत मऊच लागतं.

माय-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाडीवर संसार, त्यात सगळ्यात वर वाकळा बांधलेल्या अन् त्यावर आम्ही लेकरं. कोपीत थंडी अशी की फडातून वारा सरळ आत. आम्ही चार भावंडं एका वाकळंत. मधी झोपायला भांडणं. माय पहाटं तीनला उठून फडात जायची तवा तिची बाजू गार पडू नये म्हणून कडा आमच्या अंगाखाली खोचून जायची.

७२च्या दुष्काळात आजीनं घातलेली एक वाकळ अजून हाय. खडी फोडायला जायची कामावर, दुपारच्या सुट्टीत शिवायची म्हणे. वजन उचलत न्हाई एकट्याला. थंडीत आजबी तीच घेतो. गादीवर पडून वर वाकळ, बायको हसती.

कोपऱ्यातली_खुर्ची

रानवारा, कडा अंगाखाली खोचून जायची… इथेच थांबले मी. पुढचं नंतर वाचेन.

निळी_शाई

गोधडी नाही, पण सुईच. माझी आजी धारवाडकडची, लग्न होऊन सांगलीला आली आणि येताना कसुती घेऊन आली. (आम्ही कशिदाच म्हणतो.) इरकलीवर, चंद्रकळेवर, परकर-पोलक्याच्या खणावर. कापडावर पेन्सिलीची एक रेघ नाही. ताण्याबाण्याचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. चार टाके: गावंती, मुरगी, नेगी, मेंथी. गावंती म्हणजे जाताना एक सोडून एक टाका आणि येताना त्याच वाटेने रिकाम्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. मुरगी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, तीही तशीच दोन्हीकडून सारखी. नेगी विणल्यासारखं दिसतं. मेंथी आपली फुलीसारखी. गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन सगळं ह्यातच.

वर पेटीच्या आजीच्या गाठीबद्दल वाचलं म्हणून सांगते, कसुतीत गाठच मारायची नसते. टोक टाक्याखालीच लपवायचं. मी एकदा चोरून गाठ मारली. आजी डोळ्यांनी अधू झालेली होती. उलट्या बाजूवरून नुसतं बोट फिरवलं आणि नेमकं तिथेच थांबलं. काही बोलली नाही, सुई माझ्या हातात परत दिली. अख्खा हत्ती उसवला मी.

एसटीची_खिडकी

अख्खा हत्ती! बिचारा हत्ती.

निळी_शाई

@एसटीची_खिडकी दुसरा केला, जास्त चांगला झाला. आता मुलीच्या ओढणीवर आहे.

लालबागचा_जिना

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटत होतं आज मिटेल, उद्या मिटेल. मग आईने चाळीतल्या बायकांना निरोप दिला, जुन्या साड्या द्या, गोधड्या शिवून देते. खोली दहा बाय बारा, गोधडी पसरायला जागा कुठली? कॉमन गॅलरीत पसरायची, येणारे-जाणारे कडेने जायचे, कुणी कधी पाय दिला नाही.

आईचे डोळे दुखायला लागले तेव्हा वडील बसले शिवायला. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या यंत्रावर, आयुष्य गेलेला माणूस, तुटलेला धागा जोडायचा हात. आईपेक्षा सरळ ओळ यायची त्यांची. पण दार लावून शिवायचे. कुणी हाक मारली की गोधडी आईच्या मांडीवर.

मला ते तेव्हा कळायचं नाही. आता फार लागतं मनाला.

माळ्यावरची_पेटी

@लालबागचा_जिना दादा, अवश्य लिहा. त्यांनी शिवलेली एखादी घरात आहे का?

लालबागचा_जिना

नाही. सगळ्या ऑर्डरीच्या होत्या. लोकांच्या घरी असतील कुठेतरी.

चिंचेचा_पार

मी चाळीच्या मागच्याच गल्लीतली! गॅलरीतल्या गोधड्या मला आठवतात. गणपतीत त्याच गॅलरीत आरास असायची ना तुमच्याकडे? निरोप पाठवते वेगळा.

दोन_फुल्या

मला एक विचारायचं आहे. सुईत दोरा ओवून द्यायचं काम कुणाकुणाकडे होतं? मी दुपारी शाळेतून आले की आजीसाठी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला कुणाची वाट बघायला नको. एका सुईमागे एक गोळी. दोरा मोठा घेतला की ओरडायची, "एवढा लांब दोरा आळशाचा, अर्ध्यात गुंता होतो."

एसटीची_खिडकी

आमच्याकडे "हातभर दोरा, बोटभर टाका नको" असं होतं :) आणि अंगुस्तान कुणी घालायचं नाही. बोटाला घट्टा पडलेला, तोच अंगुस्तान.

जाईचा_मांडव

लिहू की नको असं करत होते.

माझ्या आईने मला सातवा लागल्यावर दुपटं आणि कुंची शिवायला घेतली. तिच्या लग्नातल्या साडीचं आतलं अस्तर, कारण तान्ह्या बाळाच्या अंगाला जुनंच मऊ कापड लावायचं. कुंचीला निळी झालर. बाळ राहिलं नाही. नववा सुरू होऊन चार दिवस झाले होते. आईने ते सगळं घडी करून पेटीत ठेवलं आणि आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. आई मागच्या वर्षी गेली.

आता भाचीला दिवस गेलेत. दुपटं द्यावंसं फार वाटतं. पण लोक म्हणतात अशी वस्तू देऊ नये. तुम्ही काय केलं असतं?

कोपऱ्यातली_खुर्ची

जाई, जवळ असते तर येऊन बसले असते नुसती.

पाटावरवंटा

जाई ताई, भाचीला खरं सांगा आणि तिलाच ठरवू द्या. आजीने शिवलंय ते बाळासाठी, त्यात वाईट काही नाही. माझ्या मते तर द्याच. नाही घेतलं तरी तुमच्याजवळ राहील.

रानवारा

ताई द्या. आमच्यात जुनं दुपटं घरातल्या घरात फिरतं, कुणाचं कुणाला.

सुपारीची_बाग

थोडं वेगळं, पण ह्यातलंच. नोकरीत माझी बदली उत्तर कन्नडात यल्लापूरला झाली होती. तिथे जंगलाकडच्या वस्त्यांमधून सिद्दी समाज राहतो, मुळात आफ्रिकेतून आलेले लोक. त्यांच्या बायका गोधड्या शिवतात, कवंदी म्हणतात. तंत्र बघून मी चाटच पडले, कारण वर लिहिलंय तसंच, कडेपासून सुरू करून फेऱ्याफेऱ्यांनी मध्यापर्यंत. फक्त वरचं कापड अखंड नाही. तुकडे जोडत जोडतच पुढे जातात, लाल, पिवळा, काळा, जे हाताला येईल ते. आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं शिवतात. फुलं नसली तर ती गोधडी नागडी, असं एक आजी मला म्हणाल्या. माझं कानडी अर्धवट, त्यांचं मराठी बरं होतं, कोकणी मिसळून. एक घेऊन आलेय. बाळासाठी वेगळ्या लहान शिवतात, ती राहिली घ्यायची ह्याची हुरहुर आहे.

निळी_शाई

वा! कंथा, कवंदी, कौदी, बंगालचा कांथा, गोधडीचे सगळे शब्दही एका धाग्यात ओवल्यासारखे. आणि आपल्याकडे गाडगेबाबांना गोधडे महाराज म्हणायचे ना लोक, अंगावर चिंध्यांची गोधडी म्हणून.

टीव्हीवरचा_रुमाल

मी नावावरूनच ओळखू येते. :) आमच्या घरात क्रोशा. टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, फोनवर रुमाल, मिक्सरला झालर. मावशीच्या रुखवतात तर मण्यांचं 'सुस्वागतम्' तोरण, भरतकामाच्या सहा उश्या आणि क्रोशाचा ताजमहाल होता. वरपक्षाच्या बायका ताजमहालाचे खांब मोजत होत्या. क्रोशाचं सूत पांढरं शुभ्र राहावं म्हणून ती हात धुऊन, पावडर लावून बसायची. मला येत नाही ह्यातलं काहीच आणि आता शिकावंसं वाटतंय. साखळीपासून सुरुवात करायची ना?

एसटीची_खिडकी

साखळी, मग मुका खांब (ठेंगणा टाका), मग खांब (उंच टाका). जाड सूत घे, बारीक घेतलंस तर पहिल्या दिवशी सोडून देशील.

माळ्यावरची_पेटी

सगळ्यांचं वाचतेय, भाजी करपली त्यात. कुणीतरी सांगा, धुवू कशी?

पाटावरवंटा

मशीनमध्ये अजिबात नको. आधी उसवलेलं शिवून घे, नाहीतर आतलं सगळं एका कोपऱ्यात गोळा होईल. टबमध्ये कोमट पाणी, रिठ्याचं पाणी घाल. पायाने हळू तुडवायची, घासायची नाही, पिळायची तर मुळीच नाही. पाणी आपोआप निथळू दे. दोरीवर टाकू नकोस, ओल्या वजनाने टाके तुटतात. खाटेवर आडवी, उलटी बाजू उन्हाला.

आम्ही बैलगाडीतून नदीवर न्यायचो नवरात्राआधी. सगळ्या गावाच्या वाकळा खडकांवर वाळत घातलेल्या, पूर्ण पात्र रंगीत. पोरं त्यावरून पळाली की खडे मारायच्या बायका.

दोन_फुल्या

आणि ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घडीत. डांबरगोळ्यांचा वास जात नाही नंतर.

कुकरची_शिट्टी

आले. जेवणं उरकली, ओटा पुसला.

माझी आत्या डावरी होती. माहेरी शिवायला बसली की चौघींच्या ओळी एकीकडून आणि तिची उलटीकडून. दोघींची गाठ मध्येच पडायची, कोपर कोपराला लागायचं. आजी रागवायची, उजव्या हाताने कर. केलंही तिने काही वर्षं, टाके वेडेवाकडे आले. लग्न होऊन गेली ती परत माहेरी आली वर्षभरात. का, ते घरात कुणी सांगत नाही. त्यानंतर तिने पुन्हा डाव्या हाताने सुई धरली आणि आजी एक शब्द बोलली नाही.

आम्हा भावंडांच्या सगळ्या गोधड्या तिच्या. मलाही तिनेच शिकवलं, समोर बसवून, आरशासारखं. म्हणून मी उजवी असून ओळ मात्र उलट्या बाजूने सुरू करते. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "कुणी शिकवलं गं असं?" मी आत्याचं नाव सांगितलं. आमच्याकडे तिचं नाव सहसा कुणी घेत नाही.

@माळ्यावरची_पेटी, तो खाकी खिसा उघडून बघितलास का?

माळ्यावरची_पेटी

@कुकरची_शिट्टी नाही. हाताला काहीतरी कडक लागतंय आत, कागद असेल किंवा पुठ्ठा. बाबा रविवारी येतायत. त्यांच्या चड्डीचा खिसा आहे, तेच उसवतील. तोपर्यंत कोपरा तसाच ठेवलाय, सुई टोचून.