इंटरनेट कॉल आणि फोन टॅपिंग: परवानगी गृह सचिवांची की न्यायाधीशांची?

मूळ मत (कोथरूड)
दूरसंचार कायदा, २०२३ खाली केंद्र सरकारने ६ डिसेंबर २०२४ रोजी फोन टॅपिंगचे नवे नियम अधिसूचित केले. १८८५ चा तार कायदा मागे पडला, त्याचा मूळ दोष मात्र कायम राहिला. संभाषण ऐकण्याचा आदेश गृह सचिव देतात आणि तो योग्य होता की नाही हे तपासणारी समितीही सचिवांचीच असते. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. आदेश ६० दिवसांचा असतो आणि तो १८० दिवसांपर्यंत वाढवता येतो. ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला तसे कळवण्याची तरतूदच नाही, मग त्याने दाद मागायची ती कशाच्या आधारे? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातील टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. पण ती ध्वनिमुद्रणे खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली, म्हणूनच आरोपीला न्यायालयात जाता आले. एरवी सारे गुपचूप राहते. म्हणूनच टॅपिंगची परवानगी गृह सचिवांऐवजी न्यायाधीशांनी द्यावी.

प्रतिसाद (औंध, निवृत्त पोलीस अधिकारी)
आपली चिंता मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पाकिस्तानातील सूत्रधार इंटरनेट फोनवरून हल्लेखोरांना सूचना देत होते आणि त्या ऐकता आल्या म्हणूनच कटाचे स्वरूप जगासमोर आले. आपल्या पुण्यानेही १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत १७ माणसे गमावली. अशा वेळी न्यायालयाच्या तारखेची वाट पाहणे परवडत नाही. शिवाय १९९६ मध्ये टॅपिंगवर बंधने घालताना सर्वोच्च न्यायालयानेही न्यायाधीशाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली नव्हती.

प्रतिसाद (हिंजवडी, संगणक सुरक्षा क्षेत्र)
२००८ मध्ये ऐकले गेले ते मुंबईत वापरात असलेल्या मोबाइलच्या बाजूने. आज व्हॉट्सअॅपसारख्या सेवांवर संभाषण एका फोनवर कुलूपबंद होते आणि थेट दुसऱ्या फोनवर उघडते. मधल्या कंपनीकडे किल्लीच नसते. ती तयार करवून घ्यायची, तर प्रत्येक ग्राहकाची सुरक्षितता कमी करावी लागेल. ग्रीसमध्ये २००४-०५ च्या सुमारास कायदेशीर टॅपिंगसाठीच असलेल्या यंत्रणेचा गैरवापर करून खुद्द पंतप्रधानांचे फोन ऐकले गेले. अमेरिकेतही दूरसंचार कंपन्यांच्या अशाच यंत्रणांपर्यंत परकीय हॅकर पोहोचल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. सरकारसाठी ठेवलेला दरवाजा शत्रूलाही सापडतो, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे.

प्रतिसाद (औंध)
कूटबद्धता, म्हणजे संभाषणाला लागणारे हे कुलूप, मोडू नये, हे मला पटते. परंतु मग संशयिताचा फोन जप्त करून तपासण्याचे अधिकार भक्कम हवेत, अन्यथा तपास अधिकाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर (कोथरूड)
ते अधिकारही न्यायालयाच्या वॉरंटखाली असावेत. वेळेच्या आक्षेपाचे उत्तर तर नियमांतच आहे: तातडीच्या प्रसंगी खालच्या स्तरावरील अधिकारी आदेश देऊ शकतो आणि त्यावर सात कामकाजी दिवसांत गृह सचिवांची मंजुरी घ्यावी लागते. हीच मंजुरी सत्र न्यायाधीशांकडून घ्यावी. ऐकणे त्याच क्षणी सुरू होईल, आणि सात दिवसांत ठोस कारण दाखवता आले नाही तर ते थांबेल. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये दिला आहे. त्यानंतर केलेल्या नियमांत एवढी तरतूद का असू नये?